फ्री मोशन क्विल्टिंगचा फूट: तीनच्या सेटमधला एकच हाताला बसला

महिनाभर वापरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून आज लिहितेय. फ्री मोशन क्विल्टिंगसाठी (म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवताना मशीनवर मनासारखी नक्षी काढायला) स्प्रिंगवाल्या फूटचा, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागाचा, तीनचा सेट मी ऑनलाइन मागवला, लो शँक मशीनला (फूट बसवायची दांडी आखूड असते त्या) बसणारा, कुठल्या मोठ्या मशीन कंपनीचा वगैरे नाही, साधाच. त्यात एक धातूचा बंद गोल फूट आहे, एक धातूचाच पण पुढून उघडा, आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकचा, मोठ्या गोलाचा. आधीच सांगून टाकते, पुढून उघडा असलेला तो एकटाच आला असता तरी माझं काम भागलं असतं. बाकी दोघांचं पुढे येईलच.

ज्यांनी हा प्रकार कधी केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरवी टीप मारताना कापड पुढे न्यायचं काम मशीनचे दाते करतात, आपण फक्त दिशा देतो, आणि टाका केवढा पडणार ते डायल ठरवतं. फ्री मोशनमध्ये दाते खाली पाडायचे, टाक्याची लांबी शून्यावर आणायची आणि कापड आपल्या दोन हातांनी फिरवायचं, पुढे, मागे, आडवं, गोल, कसंही. सुई जागच्या जागी वरखाली होत राहते आणि तिच्याखाली कापड फिरतं, म्हणजे पेन स्थिर धरून कागद हलवत चित्र काढल्यासारखं. हे ऐकून माहीत होतं पण प्रत्यक्ष बसल्यावर पहिली अडचण तीच आली, रेघ डावीकडे न्यायची असेल तर कापड उजवीकडे सरकवावं लागतं, आणि हात काही केल्या ते ऐकत नाहीत. दोनतीन दिवस लागतात, मग हातांना आपोआप कळायला लागतं.

आता फूटचं काम काय तर, दाते नाहीत म्हणजे कापड दाबून धरायला कोणीतरी पाहिजेच, पण कायम दाबून धरलं तर ते हलवणार कसं. म्हणून हा फूट उड्या मारतो. त्याच्या बाजूला एक बारीक दांडा असतो तो सुई धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या स्क्रूवर टेकवायचा. सुई वर गेली की क्लॅम्प दांड्याला उचलतो, फूट कापडापासून किंचित सुटतो, तेवढ्या क्षणात आपण कापड सरकवायचं. सुई खाली आली की स्प्रिंग फूटला कापडावर दाबते. हे दाबणं फार महत्त्वाचं आहे, कारण सुई वर निघताना कापड तिच्याबरोबर वर उचललं गेलं तर खाली दोऱ्याचा फास नीट बनत नाही, मशीनच्या खालच्या हुकाला तो फास सापडत नाही आणि टाका सुटतो. बॅटिंग, म्हणजे दोन कापडांच्या मधला मऊ थर, जाड आणि फुगीर असेल तर हे जास्तच होतं. मी एकदा मुद्दाम फूट काढून नुसत्या सुईवर करून बघितलं (हे करू नका, बोटांना फारच जवळून सुई जाते), पाच टाक्यांतले दोन सुटले.

पहिल्या दिवशीच जे झालं ते सांगते कारण सेटबरोबर सूचनांचा एक कागदही नव्हता आणि ही माझी मोठी तक्रार आहे. मी तो दांडा स्क्रूच्या वर टेकवायच्या ऐवजी खाली ठेवला. दिसायला काही फरक वाटत नाही, फूट बसला, स्क्रू आवळला, पॅडल दाबलं, आणि क्लॅम्प खाली येऊन दांड्यावर आपटला. काडकन आवाज आला, सुई वाकली. मशीनला काही झालं नाही पण मी अर्धा तास हात लावला नाही. एक छोटं चित्र छापून डब्यात टाकलं असतं तर हे टळलं असतं. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीये की फूट बदलला की आधी हाताने चाक फिरवून सुई दोनतीनदा पूर्ण खालीवर करून बघायची, दांडा वर आहे ना, सुई भोकाच्या मधोमध उतरतेय ना, मगच पॅडल. हे सुईच्या जागेचं पण लक्षात ठेवा, काही झिगझॅग मशीनवर साध्या टाक्याला सुई मुळात डावीकडे असते, ती मध्ये आणून घ्यावी लागते, नाहीतर बंद फूटच्या कडेवर सुई आपटणार.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त फसवी. वरून सगळं छान दिसत होतं, कापड उलटून बघितलं तर खाली दोऱ्याचा हा एवढा गुंता, अक्षरशः घरटं. मी बॉबीन काढली, परत भरली, बॉबीनची केस साफ केली, वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) वाढवत वाढवत नेलं, काहीच फरक नाही. शेवटी लक्षात आलं की फूट वरखाली करायची खटकी मी खाली केलेलीच नव्हती. नेहमीचा फूट वर राहिला तर लगेच कळतं कारण कापड मोकळं राहतं. हा फूट मात्र खाली केला तरी कापडापासून जरा वरच तरंगतो, त्यामुळे वर आहे की खाली हे नजरेला समजतच नाही. आणि खटकी वर असली की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, म्हणजे वरच्या दोऱ्यावर ताणच नाही, तो सगळा खाली ओढला जातो आणि गोळा होतो. म्हणजे गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबीनवर संशय घेतो आणि दोष असतो वर. हे ज्यांना आधीच माहीत असेल त्यांचा एक अख्खा दिवस वाचेल.

तिन्ही फूटांबद्दल आता. प्लॅस्टिकचा पारदर्शक फूट मला सगळ्यात आवडेल असं वाटलं होतं, कारण आरपार दिसणार. तसं होत नाही. प्लॅस्टिकच्या जाड कडेवर दिव्याचा उजेड चमकतो आणि नेमकं जिथे बघायचं तिथे पांढरी तिरीप येते, शिवाय त्या कडेतून खालची रेघ किंचित सरकलेली दिसते. दिवा बाजूला घेतला, खाली केला, थोडा फरक पडला पण समाधान नाही. तीन आठवड्यांत त्याच्या तळाला बारीक ओरखडेही आलेत. एक चांगलं आहे, त्याचा गोल मोठा असल्यामुळे फुगीर बॅटिंग छान दाबलं जातं, आणि एका टिपेपासून दुसरी टीप सारख्या अंतरावर न्यायची असेल तर त्या गोलाची कड मापासारखी वापरता येते. एकात एक जाणाऱ्या रेघा काढायच्या असतील तर तोच लावते.

धातूचा बंद फूट मजबूत आहे, फुकट वाईट म्हणणार नाही, पण सुईच्या पुढचं काही दिसत नाही. तुम्ही कुठे जाताय ते न दिसता गाडी चालवायची. रफू करायला मात्र एक नंबर, एका जुन्या चादरीचा विरलेला भाग त्याने भरून काढला, मूळ काम त्याचं तेच आहे, याला रफूचा फूट म्हणतात ते उगाच नाही.

आणि मग पुढून उघडा फूट. यू अक्षरासारखा, समोरचा भाग नाहीच. सुई, तिच्या पुढचं अर्धा इंच कापड आणि खडूची रेघ, सगळं स्वच्छ समोर. झाडाच्या पानाची नक्षी काढताना टोकाला जाऊन परत त्याच रेघेवरून मागे यायचं असतं ना, तिथे बंद फूटने माझ्या दोन रेघा वेगळ्या पडायच्या, याने एकावर एक बसल्या. पहिल्यांदा असं पान जमलं तेव्हा मी मशीन थांबवून नुसती बघत बसले होते. छोटं पान, अंगठ्याएवढं, मधली शीर एकाच रेघेची. त्याचा एक तोटा म्हणजे आधीच्या तुकड्यांच्या जोडावरून किंवा अ‍ॅप्लिकेच्या (वर लावून शिवलेल्या कापडी आकारांच्या) कडेवरून जाताना उघडं टोक शिवणीत अडकू शकतं, तिथे वेग कमी करायचा.

स्प्रिंगबद्दल नाराजी आहे. तिन्ही फूटांची स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. माझं बॅटिंग कॉटनचं पातळ होतं तरी फूट प्रत्येक टाक्याला ठणठण आपटायचा, मशीनचा आवाज वाढायचा आणि कापड सरकवताना अडखळल्यासारखं व्हायचं. याच्यावर एक जुना उपाय आहे, फूटच्या दांडीवर वरच्या बाजूला केसाचं छोटं रबर दोनतीन वेढे देऊन अडकवायचं म्हणजे फूट थोडा वर राहतो आणि कापडावर नुसता टेकून जातो. मी केलं, आवाज निम्म्यावर आला, कापड लोण्यासारखं फिरायला लागलं. पण रबर जास्त जाड लावलं तर फूट दाबतच नाही आणि टाके सुटतात, मला दोनदा कमीजास्त करून बघावं लागलं. ज्या फूटना उंची कमीजास्त करायचा स्क्रू असतो त्यांना ही खटपटच नाही, तसा मिळत असेल तर तोच घ्या.

बसतो की नाही हे आधी मोजून घ्या, फार जणांचं इथेच चुकतं. नेहमीचा फूट खाली करून ठेवा आणि तो ज्या स्क्रूने बसवलाय त्या स्क्रूच्या मध्यापासून खाली सुईखालच्या प्लेटपर्यंत पट्टी लावा. पाऊण इंचाच्या आसपास आलं तर लो शँक, एक इंच किंवा जास्त आलं तर हाय शँक. सिंगरच्या काही जुन्या मशीनची शँक तिरकी असते त्यांना स्लँट शँकचाच लागतो, हा बसणारच नाही. आणि मशीनला दाते खाली पाडायची सोय नसेल तर दात्यांवर बसणारी झाकणपट्टी मिळते, तीही नसेल तर लांबी शून्य ठेवून दाते तसेच राहू दिले तरी चालतं, ते जागच्या जागी हलत राहतात, कापड जरा घासलं जातं एवढंच.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, कारण फूट कितीही चांगला असला तरी टाके सारखे पडणं हे फूटच्या हातात नाही. टाका केवढा पडणार हे दोन वेगांवर ठरतं, सुईचा वेग आणि हाताचा वेग. सगळे सांगतात की सराव करा, जमेल, पण सराव नेमका कशाचा हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. मग मी हिशेब मांडला. समजा मशीन मिनिटाला ८०० टाके घालतंय, आणि आपल्याला इंचाला १० टाके हवेत, तर मिनिटाला ८० इंच कापड सरकलं पाहिजे, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वा ते दीड इंच. टेबलावर पट्टी ठेवून बोट त्या वेगाने फिरवून बघा, एक म्हणता सव्वा इंच. वाटतं त्यापेक्षा हळू आहे ते! मी घाबरून पॅडल हळू दाबत होते आणि हात भराभर फिरवत होते, म्हणजे अगदी उलटं, त्यामुळे टाके मोठेमोठे, तीनचार मिलिमीटरचे पडत होते. पॅडल जरा जास्त आणि एकसारखं दाबायला लागले, हात सावकाश केले, आणि दोन दिवसांत टाके अडीच मिलिमीटरच्या जवळपास यायला लागले. मशीनला वेग मर्यादेची पट्टी असेल तर ती मध्यावर ठेवून पॅडल पूर्ण दाबा, मग एक वेग पक्का झाला, लक्ष फक्त हातांकडे. बर्निनाच्या मशीनना बीएसआर नावाचा फूट मिळतो, त्यात सेन्सर असतो, तो कापड किती सरकलं ते वाचून सुईचा वेग स्वतः कमीजास्त करतो. चांगली सोय आहे, पण ती त्यांच्याच मशीनसाठी आणि साध्या मशीनवाल्यांनी हे हातानेच शिकायचं आहे, आणि शिकता येतं.

वळणांवर हात आपोआप झटका मारतात, तिथे मागच्या बाजूला दोऱ्याचे छोटे छोटे फास उभे राहतात, पापण्यांच्या केसांसारखे. टेन्शन आधी तपासा पण बहुतेक वेळा हात जोरात फिरल्यामुळेच होतं. माझ्या सरावाच्या तुकड्यावर सरळ भाग स्वच्छ आणि प्रत्येक वळणावर पापण्या, म्हणजे दोष कुठला ते कापडच सांगत होतं. उलट खालचा दोरा मागे सरळ तारेसारखा पडून राहिला असेल आणि बोटाने उचलता येत असेल तर वरचं टेन्शन सैल आहे, थोडं वाढवा. वर आणि खाली एकाच रंगाचा दोरा लावला तर सुरुवातीला खूप गोष्टी झाकल्या जातात, पण सरावाच्या तुकड्यावर मुद्दाम वेगवेगळे रंग लावा म्हणजे कुठला दोरा कुठे ओढला जातोय ते दिसतं.

सुईवर कंजुषी करू नका. मी आधी मशीनमध्ये होती तीच ८०/१२ ची साधी सुई चालवली आणि दोरा सारखा तुटायचा, विसकटायचा. ९०/१४ ची टॉपस्टिच सुई लावली, तिचं भोक मोठं असतं आणि खाच खोल असते त्यामुळे दोरा घासत नाही, तुटणं जवळजवळ थांबलं. हात कापड ओढतात तशी सुई बाजूला वाकते, जाड सुई तेवढी वाकत नाही, हाही फायदा. दोरा मी ५० नंबरचा कॉटन वापरतेय, दोऱ्याचा नंबर जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक, बारीक दोऱ्यावर परत त्याच रेघेवरून गेलं तरी गाठोडं दिसत नाही.

सरावाला बारा इंच बाय बारा इंचाचे चौकोन पुरतात, वर साधं कापड, मध्ये बॅटिंग, खाली साधं कापड, आणि सेफ्टी पिना मुठीच्या अंतराने, म्हणजे तीनचार इंचांवर. या पिनांचा कंटाळा केला की मागच्या कापडाला चुण्या पडतात आणि ते उलटल्यावरच दिसतं, मग उसवत बसा. एक इंचात दहा टाके, एक वीतभर उसवायला किती वेळ जातो ते ज्याने उसवलंय त्यालाच माहीत. सुरू करताना एक टाका घेऊन खालचा दोरा वर ओढून घ्यायचा, दोन्ही दोरे धरून जागच्या जागी दोनतीन बारीक टाके, मग निघायचं. हे केलं नाही तर सुरुवातीलाच खाली गुंता.

काय काढायचं हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. सगळे सांगतात स्टिपलिंगपासून सुरू करा, म्हणजे एकमेकांना न छेदता वळणं घेत जाणारी रेघ. मला ते अवघड गेलं, कारण सारखं बघावं लागतं की आपण कोपऱ्यात अडकत तर नाही ना. त्यापेक्षा लूप सोपे, रेघ स्वतःला छेदते त्यामुळे सुटका कायम आहे, चुकलं तरी तेही डिझाइनच वाटतं. मग पानं, मग गोल गोल दगडगोटे. आणि सगळ्यात आधी कागदावर पेन न उचलता तेच डिझाइन पानभर काढा, खरंच फरक पडतो, हाताला पुढचं वळण माहीत झालेलं असतं.

हातमोज्यांबद्दल दोन ओळी. बोटांना रबराचा थर असलेले पातळ नायलॉनचे मोजे सेटमध्ये फुकट आले होते, ते फूटपेक्षा चांगले निघाले. उघड्या हातांनी कापड घट्ट दाबावं लागतं, खांदे वर जातात, मान दुखते. मोजे घातले की नुसते हात ठेवले तरी पकड बसते. फक्त सुईत दोरा ओवायला दरवेळी काढावे लागतात.

लहान तुकड्यावर जमलं म्हणजे मोठ्यावर जमलं असं नाही, हे मागच्या आठवड्यात कळलं. घरगुती मशीनच्या सुईपासून उजव्या खांबापर्यंत जागा सहासात इंचच असते, त्यातून अख्ख्या क्विल्टची गुंडाळी न्यायची. आणि कापड टेबलाच्या कडेवरून खाली लोंबलं की त्याचं वजन हाताला उलटं ओढतं, टाके एकदम बारीक होतात, आपल्याला वाटतं आपलाच हात बिघडला. डाव्या बाजूला एक दुसरं टेबल लावून घेतलं, कापडाची घडी सगळी वर उचलून मशीनभोवती ढीग करून ठेवली, एका वेळी फक्त ताटाएवढा भाग सपाट केला आणि तेवढाच शिवला, मग थांबून सुई कापडातच खाली ठेवून हात पुढे सरकवले. सुई खाली ठेवून थांबायचं हे विसरू नका, वर ठेवून थांबलात तर निघताना रेघेला कोन पडतो.

एक गोष्ट बोलायची होती, मशीनवर क्विल्टिंग केलं की ते हाताच्या कामापेक्षा कमी दर्जाचं असं अजूनही ऐकायला मिळतं. १९८९ साली अमेरिकेतल्या पडूका इथल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'कोरोना टू: सोलर एक्लिप्स' या क्विल्टला बेस्ट ऑफ शो, म्हणजे प्रदर्शनातलं सर्वोच्च बक्षीस, मिळालं, आणि मशीनवर क्विल्टिंग केलेल्या क्विल्टला तो मान तिथे पहिल्यांदाच मिळाला होता. त्यावर तेव्हा बराच वाद झाला. सेकंदाला सव्वा इंच हा वेग हातात मुरवायला जे लागतं ते करून बघितल्यावर मला तरी या कामाला सोपं म्हणवत नाही.

तर घ्यावा का. मशीनला बसत असेल तर पुढून उघडा फूट नक्की घ्या, सुटा मिळाला तर सुटाच. सेटला मी पाचपैकी साडेतीन देते, अर्धा गुण सूचना नाहीत म्हणून कापला आणि एक स्प्रिंगसाठी. सध्या माझ्या मशीनवर पाळण्यात घालायची छोटी क्विल्ट आहे, मधला भाग पानांनी भरून झालाय, किनारीवरचे लूप बाकी आहेत, आणि मधल्या एका पानाच्या टोकाला जरासा झोल आलाय तो मी उसवणार नाहीये.